इरास्मस प्लस ट्रेनीशिप: पोर्तोमधले तीन महिने, 5 पैकी 4 स्टार

आधीच सांगते, हा पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराचा रिव्ह्यू नाही. तिथल्या पुलाचे आणि निळ्या टाइल्सचे फोटो तुम्ही बघितले असतीलच, माझ्याकडेही दोनशे आहेत. हा रिव्ह्यू आहे इरास्मस प्लसच्या ट्रेनीशिपचा, म्हणजे शिकता शिकता दुसऱ्या देशात जाऊन काम करायची युरोपियन युनियनची जी सोय आहे तिचा. मी जर्मनीत एन्व्हायर्न्मेंटल इंजिनीअरिंगचं मास्टर्स करतेय आणि तीन महिने पोर्तोच्या एका वॉटर टेस्टिंग लॅबमध्ये होते.

इरास्मस म्हटलं की बऱ्याच जणांना फक्त एक्स्चेंज सेमिस्टर आठवतं. 1987 मध्ये 11 देश आणि 3,244 विद्यार्थी घेऊन सुरू झालं तेव्हा ते तसंच होतं, कामाच्या प्लेसमेंट त्यात 2007 पासून आल्या. आणि पासपोर्ट भारतीय असला तरी चालतं बरं का! तुम्ही युरोपातल्या युनिव्हर्सिटीत डिग्रीला हवेत आणि त्या युनिव्हर्सिटीकडे इरास्मस चार्टर, म्हणजे यात भाग घ्यायची मान्यता, हवा, बस. कमीत कमी 2 महिने, आणि बॅचलर्स, मास्टर्स, पीएचडी अशा प्रत्येक टप्प्याला एकूण 12 महिन्यांचा कोटा. डिग्री झाल्यावरही वर्षभरात जाता येतं, पण निवड शेवटच्या वर्षात असतानाच व्हावी लागते, हे माझ्या एका मैत्रिणीला डिग्री हातात पडल्यावर कळलं.

आता मुद्द्याचं. या सगळ्या प्रकारात खरी कामाची चीज एकच आहे, आणि ती ग्रँट नाही. ती आहे लर्निंग अॅग्रीमेंटमधला टेबल ए. लर्निंग अॅग्रीमेंट म्हणजे तुम्ही, तुमची युनिव्हर्सिटी आणि जिथे जाताय ती जागा अशा तिघांच्या सह्यांचा कागद. त्यातल्या टेबल ए मध्ये तुम्ही काय काम करणार, काय शिकणार, तुमच्यावर लक्ष कोण आणि कसं ठेवणार आणि शेवटी मूल्यमापन कसं होणार ते लिहायचं असतं. सगळे जण तो सिनियरच्या फॉर्मवरून कॉपी-पेस्ट करतात, मीही केला. "टीमला रोजच्या कामात मदत करणे, लॅबच्या पद्धतींची ओळख करून घेणे" असलं काहीतरी गुळमुळीत. वर सहीला पाठवून मोकळी.

तिकडून माझ्या होणाऱ्या सुपरव्हायझर बाईंनी सही न करताच फॉर्म परत पाठवला. सोबत एकच प्रश्न होता, शेवटच्या दिवशी कोणालाही न विचारता तुला काय करता यायला हवं? मला जाम राग आला होता खरं सांगायचं तर, कारण डेडलाइन दोन दिवसांवर होती. पण बसले आणि तीन ओळी लिहिल्या. बीओडीची टेस्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीने करणे, टर्बिडिटी मीटर (पाण्याचा गढूळपणा मोजणारं यंत्र) कॅलिब्रेट करणे, आणि एका सॅम्पलचा रिपोर्ट असा लिहिणे की बाई तो न बदलता पुढे पाठवतील. त्यांनी मीटरच्या ओळीपुढे "दुसरा आठवडा" लिहिलं, रिपोर्टपुढे "दहावा", आणि सही केली. पुढचे तीन महिने मी या तीन ओळींवर काढले. कोणी फाइल्स लावायला बसवलं की टेबल ए दाखवायची सोय होती, एकदा दाखवलाही, हसत हसत.

बीओडी माहीत नसेल त्यांच्यासाठी, पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात ते मोजायचं. 300 मिलीची काचेची बाटली काठोकाठ भरायची, बूच तिरकं धरून असं सरकवायचं की आत हवेचा एक बुडबुडाही राहू नये, मग 20 डिग्रीला अंधारात पाच दिवस. बाई प्रत्येक बाटली उलटी करून नखाने टिचकी मारून बघायच्या. माझ्या पहिल्या आठ बाटल्यांमधल्या तिनात बुडबुडे होते. ते कमी होतं म्हणून की काय ब्लँकही गंडला, म्हणजे सॅम्पल न घातलेलं जे पाणी तुलनेला ठेवतात आणि ज्यात ऑक्सिजन लिटरमागे 0.2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त घटायला नको त्यात 0.6 घटला आणि सगळी बॅच बेसिनमध्ये ओतली. कोणी ओरडलं नाही, फक्त पुन्हा बाटल्या धुवायला लावल्या.

पण गंमत पुढे आहे. पाच दिवसांची टेस्ट म्हणजे सोमवारी लावली तर रीडिंग शनिवारी, मंगळवारी लावली तर रविवारी, आणि सुट्टीच्या दिवशी कोण येणार? त्यामुळे बीओडी फक्त बुधवार ते शुक्रवार लागायची आणि माझा सोमवार-मंगळवार बराचसा रिकामा. पहिले दोन आठवडे मी ते दिवस मोबाइल बघत घालवले. मग सॅम्पल आणायला जाणाऱ्या गाडीत बसायची परवानगी मागितली आणि लगेच मिळाली, कारण त्या ड्रायव्हर काकांना बाटल्या उचलायला माणूस हवंच होतं. नदीवर, नाल्यावर, ट्रीटमेंट प्लांटवर जाऊन सॅम्पल कसं घेतात, कुठल्या बाटलीत आधीच अॅसिड असतं आणि कुठली चुकूनही खंगाळायची नाही, हे मला लॅबमध्ये बसून कधी कळलंच नसतं. आणि हे टेबल ए मध्ये नव्हतं हं. नंतर अॅग्रीमेंटमधल्या बदलांच्या भागात घालून घेतलं, तशी सोय आहे, वापरा.

भाषेचं म्हणाल तर ओएलएस म्हणून ऑनलाइन कोर्स फुकट मिळतो आणि जायच्या आधी भाषेची चाचणीही असते, तिच्यात आपटलात तरी प्लेसमेंट जात नाही. कोर्स चांगला आहे, पण पोर्तुगालचे लोक बोलताना अर्धे स्वर गिळतात, त्यामुळे पहिला महिना मला फक्त बों दिया, म्हणजे गुड मॉर्निंग, ऐकू यायचं. लॅबमध्ये इंग्रजी चालायचं, जेवणाच्या टेबलावर नाही. मी आधी लॅपटॉपसमोर एकटीच डबा खायचे, ही माझी सगळ्यात मोठी चूक. टेबलावर बसायला लागले तेव्हा अमॉश्त्रा म्हणजे सॅम्पल, ब्रांकु म्हणजे ब्लँक असे शब्द कानात बसले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठल्या कंपनीत माणसं घेतायत हे तिथेच कळलं.

पैशांचं थोडक्यात. ग्रँट देशाप्रमाणे बदलते, ट्रेनीशिपला त्यावर महिन्याला 150 युरो जास्त मिळतात. त्यात भागतं असं समजून जाऊ नका, माझं घरभाड्यातच बरंचसं गेलं. इन्शुरन्सचे तीन प्रकार वेगळे असतात, आजारपण, अपघात, आणि तुमच्या हातून नुकसान झालं तर. जर्मनीचा सरकारी हेल्थ इन्शुरन्स असेल तर कार्ड उलटं करून बघा, मागे युरोपियन कार्ड असतं. पण ते फक्त आजारपणाचं. बाकी दोन कोण देणार ते अॅग्रीमेंटच्या टेबल बी आणि सी मध्ये लिहिलेलं असतं, सही करण्याआधी वाचा.

परमिटचं मात्र खास आपल्यासाठी. जर्मन रेसिडन्स परमिटवर शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात सीमा खुल्या असलेल्या युरोपातल्या देशांत, 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं, पण फिरणं वेगळं आणि काम वेगळं. लर्निंग अॅग्रीमेंट हातात आहे म्हणजे तिथे काम करायची परवानगी आहे असं अजिबात नाही. जागा मिळाली की पहिला मेल याचाच करा. मला ही गोष्ट आमच्या इंटरनॅशनल ऑफिसने सांगितली नाही, युरोपियन पासपोर्ट असलेल्या मुलांसाठीची चेकलिस्ट मला पाठवली आणि विषय संपवला. मी दोन महिने उशिरा निघाले.

शेवटच्या आठवड्यात आणखी एक करा. संपल्यानंतर 5 आठवड्यांच्या आत सर्टिफिकेट, म्हणजे टेबल डी, द्यावं लागतं, आणि त्यात केलेली कामं लिहायची जागा असते. बिझी माणूस तिथे दोन ओळी लिहून देतो. मी माझ्या वहीतून कच्चा मजकूर काढून बाईंसमोर ठेवला, किती बीओडी लावल्या, किती बॅच फेकल्या, सगळं. त्यांनी "एक्सलंट" खोडून "गुड" केलं आणि फेकलेल्या बॅचचा आकडा तसाच ठेवला. परवाच्या इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न त्या फेकलेल्या बॅचवरच आला, आणि पंधरा मिनिटं त्याच्यावरच बोललो आम्ही.

एक स्टार आमच्या त्याच ऑफिससाठी कापलाय. शेवटचा रिपोर्ट भरला की उरलेली ग्रँट मिळते असं आहे, मी तो त्याच रात्री भरला. आज सकाळी तिसरा मेल टाकलाय. उत्तर आलं तर इथेच अपडेट करते.