आठ वर्षांचं गेमिंग मशीन: नवीन न घेता आतून बदललं, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

माझं मशीन ऑक्टोबर 2017 चं. एएमडी कंपनीचा रायझन 5 1600 प्रोसेसर, बी350 चिपसेटचा मदरबोर्ड, जीटीएक्स 1060 चं 6 जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, 16 जीबी डीडीआर4 रॅम आणि 450 वॅटचा पॉवर सप्लाय. वर्षभर पगारातून बाजूला टाकलेल्या पैशांतून घेतलेलं, त्यामुळे त्याच्यावर जीव आहे. मे 2025 मध्ये मात्र ते दमायला लागलं. रविवारी रात्री मी अकोल्यातून आणि धाकटा भाऊ पुण्यातून काउंटर-स्ट्राइक 2 हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळतो. धूर पसरला आणि समोरून चार-पाच जण एकदम आले की चित्र क्षणभर थिजायचं, आणि ते पुन्हा हलेपर्यंत माझा खेळ आटोपलेला असायचा. भाऊ दर रविवारी म्हणायचा, "ताई, किती ओढशील अजून? नवीनच घे आता."

बाकीची कारणंही जमत आली होती. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार होता आणि विंडोज 11 ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत रायझनची पहिली पिढी, म्हणजे माझा प्रोसेसर, नाही. मे महिन्यातच आलेला डूम: द डार्क एजेस हा गेम माझ्या कार्डावर चालणंच शक्य नव्हतं. त्याला हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचं गणित करणारी कार्डातली खास सोय) लागतं आणि 1060 मध्ये ते नाही.

गावातल्या एका दुकानात विचारलं. उत्तर मिळालं, "मॅडम, हा बोर्ड आता जुना झाला. यावर नवीन प्रोसेसर चढणार नाही, सगळंच बदला." हातात कोटेशन दिलं: रायझन 5 7600, बी650 बोर्ड, 32 जीबी डीडीआर5, नवीन कार्ड, कॅबिनेट, ऐंशी हजारांच्या वर. मी कागद घरी आणला आणि आधी एक गोष्ट तपासायची ठरवली: नेमकं अडतंय कुठे?

ही तपासणी कुणालाही घरी करता येते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. स्क्रीनवर कार्डाचा वापर टक्क्यांत दाखवणारं आफ्टरबर्नर लावलं आणि नेहमीच्या 1080पी (फुल एचडी) रिझोल्युशनवर खेळले. काउंटर-स्ट्राइकमध्ये फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) 85 च्या आसपास आणि कार्डाचा वापर जेमतेम 60 टक्के. मग रिझोल्युशन 720पी वर आणलं. कार्डावरचा भार निम्म्याहून कमी झाला, तरी फ्रेम 88! म्हणजे कार्ड रिकामं बसलं होतं आणि प्रोसेसर त्याला काम पुरवू शकत नव्हता. फोर्झा होरायझन 5 या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये उलट चित्र होतं. तिथे कार्ड 98 टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत. दोन्ही म्हातारे झाले होते, पण ज्या खेळासाठी माझा जीव तुटत होता, तिथे पहिला अडसर प्रोसेसरचा होता. सगळे सांगतात तसं आधी कार्ड घेतलं असतं, तर वीस हजार घालूनही रविवारची रात्र तशीच गेली असती.

दुकानदाराचं बोर्डाबद्दलचं म्हणणंही चुकीचं निघालं. एएमडीने 2022 मध्ये 300 मालिकेच्या बोर्डांनाही रायझन 5000 चा रस्ता खुला केला. माझ्या बोर्डाच्या पानावरच्या प्रोसेसरच्या यादीत रायझन 5 5600 होता, समोर बायॉसची (मशीन सुरू करणारं, बोर्डातलंच सॉफ्टवेअर) आवृत्तीही लिहिलेली होती. कागदावर दोन्ही प्रोसेसर सारखेच वाटतात: सहा कोअर, बारा थ्रेड, 65 वॅट. पण 1600 मध्ये ते सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले आहेत आणि प्रत्येक गटाला 8 एमबी एल3 कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी. 5600 मध्ये सहाही एकाच गटात, सगळ्यांना मिळून 32 एमबी. गेमला कॅशची भूक फार, म्हणून फरक मोठा पडतो. 5700एक्स3डी चाही मोह झाला होता, त्यात 96 एमबी आहे. पण त्याची किंमत आणि वेगळा कूलर धरला तर कार्डासाठी ठेवलेले पैसे तिथेच संपले असते.

जूनमध्ये 5600 आणि 1 टीबीचा एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी वेगवान डिस्क) मागवला. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायॉस अपडेट करायचं, हे आधी करा. नवा प्रोसेसर जुन्या बायॉसवर सुरूच होत नाही. आमच्याकडे जूनच्या सुरुवातीला पारा अजून चाळिशीपार असतो आणि लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. म्हणून पहाटे पाचला उठले, यूपीएस पूर्ण चार्ज असल्याची खात्री केली, आईला सांगितलं की मिक्सर लावू नको. पट्टी पुढे सरकत होती ती चार मिनिटं मी खुर्चीवरून हलले नाही.

खरा घोळ त्यानंतर झाला. कूलरचे चारही स्क्रू सोडवले आणि सरळ वर उचलला. हलकासा "टक्" आवाज आला. कूलर उलटा करून बघितला तर प्रोसेसर त्याच्या बुडाला चिकटून आला होता, खालच्या सोनेरी पिना माझ्याकडे तोंड करून. सॉकेटचा दांडा अजून बंदच. एएम4 मध्ये, म्हणजे माझ्या बोर्डावरच्या सॉकेटच्या प्रकारात, 1331 पिना असतात आणि त्या बोर्डावर नाही, प्रोसेसरच्या अंगावर असतात. आठ वर्षांची थर्मल पेस्ट सुकून सिमेंट झाली होती. कोपऱ्यातल्या सहा पिना वाकल्या. तो प्रोसेसर मी मावसभावाच्या मुलाला द्यायचा शब्द दिला होता, त्यामुळे पोटात गोळाच आला. दुपारभर टेबललॅम्पखाली भिंग धरून, नव्या ब्लेडच्या पात्याने एकेक पिन शेजारच्या पिनांच्या सरळ रेषेत आणली. प्रोसेसर वाचला. तुमचंही एएम4 असेल तर कूलर काढण्याआधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मशीन बंद करून वायर काढा आणि मग कूलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत मोकळा करा. सरळ ओढू नका.

एसएसडी लावल्यावर जुनी हार्ड डिस्क गायब झाली. माझ्या बोर्डावर एम.2 ची, म्हणजे एसएसडीची, जागा भरली की जुन्या डिस्कसाठीच्या साटाचे दोन पोर्ट बंद पडतात. केबल दुसऱ्या पोर्टात घातली, झालं. बायॉसमध्ये एफटीपीएम (विंडोज 11 ला लागणारी सुरक्षेची सोय) सुरू करून नव्या एसएसडीवर विंडोज 11 कोरं टाकलं. बोर्ड तोच असल्याने ॲक्टिव्हेशन आपोआप आलं.

आता फरक. कार्ड तेच 1060, फक्त प्रोसेसर बदलला, तरी काउंटर-स्ट्राइकमध्ये 85 चे 145 झाले. त्याहून मोलाचं म्हणजे थिजणं गेलं. सरासरी आकडा बघून फसू नका. सगळ्यात संथ एक टक्का फ्रेम माझ्याकडे आधी चाळिशीत होत्या, त्या नव्वदीवर गेल्या. हाताला जाणवतो तो हाच फरक. आणखी एक फायदा हिशेबात नव्हता: 3200 वेगाची रॅम जुन्या प्रोसेसरवर 2666 च्या वर स्थिर राहायची नाही, 5600 वर एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी बायॉसमधली सेटिंग) लावताच पहिल्या फटक्यात 3200 वर चालली. चार वर्षांपूर्वी घेतलेला 144 हर्ट्झचा मॉनिटर पहिल्यांदाच पूर्ण वापरला गेला. त्या रविवारी भाऊ म्हणाला, "ताई, आज झालंय काय तुला?"

ऑगस्टमध्ये आरएक्स 6600 हे नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं, वीस हजारांच्या आत. माझा बोर्ड पीसीआयई 3.0 चा (कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या मार्गाची जुनी पिढी) आणि हे कार्ड त्या मार्गाच्या आठच लेन वापरतं, त्यामुळे थोडा वेग जातो. खेळताना तो मला जाणवलेला नाही. चार लेनवालं 6500 एक्सटी मात्र अशा जुन्या बोर्डावर घेऊ नका, तिथे नुकसान मोठं आहे. सायबरपंक 2077 हाय सेटिंगवर साठीच्या आसपास चालतो. डूम उघडला आणि मध्यम सेटिंगवर खेळण्याजोगा आहे, पण जड दृश्यांत कार्डाची 8 जीबी मेमरी तोकडी पडते.

कार्ड लावल्यावर दुसऱ्याच दिवशी मशीन खेळता खेळता फट्कन बंद. दोन दिवसांनी पुन्हा. कार्ड 132 वॅटचं, म्हणजे 1060 पेक्षा फक्त 12 वॅट जास्त, तेव्हा सप्लायवर माझा संशयच गेला नाही. चार दिवस ड्रायव्हर पुसून पुन्हा टाकण्यात घालवले. शेवटी ओळखीच्या मेकॅनिकने दुसरा सप्लाय जोडून बघितला आणि मशीन तीन तास सलग चाललं. आठ वर्षं उन्हाळा, धूळ आणि कमी-जास्त व्होल्टेज खाल्लेला सप्लाय आतून थकला होता. कार्ड क्षणभर एकदम जास्त वीज ओढतं ती उसळी त्याला झेपत नव्हती. साडेपाच हजारांचा 650 वॅटचा ब्राँझ दर्जाचा सप्लाय घेतला, तेव्हापासून एकदाही बंद पडलेलं नाही. हा खर्च मी पहिल्याच यादीत धरायला हवा होता.

एकूण चाळीस हजारांच्या थोडं आत काम झालं. कुरबुरी आहेतच. ऑक्टोबरच्या शेवटी एएमडीने आरएक्स 5000 आणि 6000 मालिकांची ड्रायव्हर शाखा वेगळी केल्याची बातमी आली तेव्हा धस्स झालं. नंतर नव्या गेमसाठीचे बदल येत राहतील असा खुलासा कंपनीने केला. खोलीत डेझर्ट कूलर चालू असला की ओलसर हवेबरोबर धूळ जाळीवर थापली जाते, म्हणून मशीन त्याच्या झोतापासून लांबच्या भिंतीला नेलं आणि दर पंधरा दिवसांनी ब्लोअर मारते. जूनच्या त्या गरमीत प्रोसेसर 84 अंशांपर्यंत गेला होता. पुढे 120 मिमीचे दोन पंखे लावल्यावर आता 70 च्या घरात असतो. खरी परीक्षा या मे महिन्यात आहे.

ज्यांना 1440पी वर सगळं अल्ट्रा हवंय, किंवा ज्यांच्या बोर्डाच्या यादीत पुढचा प्रोसेसरच नाही, त्यांनी जुन्यात पैसे घालू नयेत असं मला मनापासून वाटतं. चौथ्या पिढीच्या इंटेलवाल्या मैत्रिणीला मी नवीनच घ्यायला लावलं.

एक हळहळ राहिली. रॅम 16 ची 32 करायची होती, ती मी दिवाळीनंतर घेऊ म्हणून ठेवली. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि दिवाळीपासून भाव असे चढले की डीडीआर5 सोडाच, जुनी डीडीआर4 सुद्धा परवडेना. बोर्डावरचे दोन स्लॉट अजून रिकामे आहेत. जुना 1600 मात्र त्या 1060 बरोबर मावसभावाच्या घरी पोचला. परवा पोराचा फोन आला होता, "आत्या, फोर्झा चालतोय!"