ब्राउझरचा एरर: थांबायचं, दुरुस्त करायचं की मागे फिरायचं?

साइट उघडली नाही की आपला क्रम ठरलेला असतो. रिफ्रेश, पुन्हा रिफ्रेश, राउटर बंद-चालू, आणि मग कोणीतरी सांगतं, "कॅशे क्लिअर करून बघ." यातला प्रत्येक उपाय कुठल्या तरी एररवर चालतो. भलत्याच एररवर केला तर वेळ जातो आणि बिघाड आहे तिथेच राहतो. 18 नोव्हेंबर 2025 च्या संध्याकाळी असंख्य साइट्सची वाहतूक हाताळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीची यंत्रणा कोलमडली, तेव्हा जगभरात असंख्य साइट्सवर 500 चा एरर झळकत होता. एक अंतर्गत फाइल अपेक्षेच्या दुप्पट फुगल्यामुळे ते झालं होतं. त्या वेळी ज्यांनी घरचं राउटर रीसेट केलं, त्यांच्या हाती काहीच लागणं शक्य नव्हतं.

म्हणून आधी एकच गोष्ट शोधायची: बिघाड आपल्या मशीनमध्ये आहे, मधल्या वाटेवर आहे की समोरच्या सर्व्हरवर? स्क्रीनवरचा मजकूर ते बहुतेक वेळा सांगून टाकतो.

"सापडत नाही" की "उत्तर देत नाही"?

क्रोममध्ये दोन्हींच्या वर ओळ एकच असते: "धिस साइट कान्ट बी रीच्ड". फरक खालच्या बारीक करड्या अक्षरांत असतो. तिथे "डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन" असेल तर त्या नावाचा पत्ताच मिळालेला नाही. "कनेक्शन टाइम्ड आउट" असेल तर पत्ता मिळाला, दार वाजवलं, पण आतून कोणी ओ दिली नाही. "कनेक्शन रिफ्यूज्ड" म्हणजे दारातूनच परत पाठवलं.

पहिल्या प्रकारात आधी स्पेलिंग बघा. डॉट जीओव्ही डॉट इन हवं तिथे डॉट कॉम टाइप होणं नेहमीचंच. स्पेलिंग बरोबर असेल तर फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडा. तिथे उघडली, तर बहुधा घरच्या इंटरनेट कंपनीचा डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा) गडबडतोय आणि तो बदलणं तुमच्या हातात आहे. कुठेच उघडली नाही, तर नाव चुकलंय किंवा ते डोमेनच बंद पडलंय.

टाइम्ड आउटवर डीएनएस बदलून सहसा काही होत नाही. व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारं अॅप) चालू असेल तर आधी तो बंद करा. परदेशात राहणाऱ्यांनी आणखी एक शक्यता धरावी: भारतातल्या काही सरकारी साइट्स देशाबाहेरून उघडतच नाहीत. न्यू जर्सीत बसून गावच्या जमिनीचा उतारा काढताना पान नुसतं फिरत राहिलं, तर लॅपटॉपशी झटापट करण्याआधी तीच लिंक गावाकडच्या भावाला किंवा पुतण्याला पाठवा. त्याच्याकडे उघडली की विषय संपला.

रिफ्यूज्ड आलं तर बहुधा पलीकडची सेवा बंद आहे. थांबा. "कनेक्शन रीसेट" जरा वेगळं. वाटेत कोणीतरी जोडणी तोडतंय. ऑफिसचं फायरवॉल असेल, अँटिव्हायरस असेल, किंवा सरकारी आदेशावरून ब्लॉक केलेली साइटही कधी कधी अशीच दिसते.

403, 404 आणि पाचशेचं घराणं

चारशेचे आकडे म्हणजे सर्व्हर जागा आहे आणि बोलतोय. 404 मध्ये पान जागेवर नाही. पत्त्याचा शेवटचा भाग खोडून मागच्या पानावर जा आणि तिथून शोधा. जुना शासन निर्णय किंवा पीडीएफ हवी असेल तर जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये ती लिंक टाकून बघायला विसरू नका. 403 मध्ये पान आहे, पण तुम्हाला परवानगी नाही. लॉगिन तपासा, व्हीपीएन बंद करा. यापलीकडे फार करण्यासारखं नाही.

पाचशेच्या पुढचे आकडे सर्व्हरकडचे. 500 म्हणजे तिथला प्रोग्रॅम अडखळला, 502 म्हणजे पुढच्या सर्व्हरला मागच्याकडून धड उत्तर मिळालं नाही, 503 म्हणजे गर्दी किंवा देखभाल, 504 म्हणजे मागच्याने वेळेत उत्तर दिलं नाही. निकालाच्या दिवशी 503 दिसला तर दर सेकंदाला रिफ्रेश करून उपयोग नाही, गर्दीत भरच पडते. दहावी-बारावीची गुणपत्रिका डिजिलॉकरवरही मिळते, तिकडे वळा.

खरा प्रश्न पैसे भरताना येतो. नुसतं वाचत असाल तर 504 वर रिफ्रेश करा, बिघडत काही नाही. पण परीक्षा फी भरताना 504 आला, किंवा "कन्फर्म फॉर्म रीसबमिशन" (फॉर्म पुन्हा पाठवायचा का) असं विचारलं, तर बोट आवरा. 504 चा अर्थ उत्तर वेळेत आलं नाही एवढाच. काम झालं नाही असा त्याचा अर्थ होत नाही. आधी बँकेचा मेसेज बघा, मग नव्या टॅबमध्ये लॉगिन करून फी जमा दिसतेय का ते बघा. खात्यातून पैसे गेले आणि समोर पोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार यूपीआयने व्यापाऱ्याला केलेलं असं पेमेंट व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवं. त्यापुढे उशीर झाला तर रोज 100 रुपये भरपाई आहे. हा हक्क फार थोड्यांना माहीत असतो. व्यवहार क्रमांक जपून ठेवा.

पांढरं पान की लाल पान?

"युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" हे पांढरं पान आणि "डेंजरस साइट" सांगणारं पूर्ण लाल पान, या दोघांत लोक फार गल्लत करतात. लाल पान म्हणजे ती साइट फसवणूक करते किंवा व्हायरस पसरवते, अशी नोंद गूगलच्या यादीत आहे. तिथे विचार करायचाच नाही, टॅब बंद. पांढऱ्या पानावर मात्र विचार करावा लागतो, कारण कारणं बरीच आहेत आणि त्यातली काही अगदी निरुपद्रवी असतात.

"सर्ट डेट इनव्हॅलिड" असेल तर "अॅडव्हान्स्ड" दाबा. साइटचं प्रमाणपत्र (ही खरीच तीच साइट आहे याचा मुदतीचा पुरावा) किती दिवसांपूर्वी संपलं ते तिथे येतं, आणि तुमच्या कॉम्प्युटरला आजची तारीख कोणती वाटते तेही येतं. ती तारीख वाचाच. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर2032, संपला की मशीन बंद करून पुन्हा चालू केल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग एकूण एक साइट हाच एरर देते आणि घरात सगळे म्हणतात की व्हायरस शिरला. घड्याळ दुरुस्त करा, सेल बदला. कुठल्याही घड्याळाच्या दुकानात तो मिळतो.

घड्याळ बरोबर असेल आणि एकाच साइटवर हा एरर असेल, तर त्या साइटवाल्यांनी नूतनीकरण केलेलं नाही. हे पुढे जास्त दिसू शकतं. 2020 च्या सप्टेंबरपासून प्रमाणपत्राची कमाल मुदत 398 दिवस होती. 15 मार्च 2026 पासून ती 200 दिवसांवर आणायचं ठरलं आणि 2029 पर्यंत ती 47 दिवसांवर येणार आहे. ज्यांचं नूतनीकरण अजून हातानेच चालतं, त्यांची तारीख चुकणारच. कालपर्यंत ठीक असलेल्या साइटवर नुसता लेख वाचायचा असेल तर पुढे जायला मी फार हरकत घेणार नाही. पासवर्ड, आधार किंवा कार्डाचा नंबर द्यायचा असेल तर नाही म्हणजे नाही.

"कॉमन नेम इनव्हॅलिड" म्हणजे प्रमाणपत्र दुसऱ्याच नावाचं आहे. पत्त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू घालून किंवा काढून बघा. रेल्वे स्टेशन, हॉटेल किंवा विमानतळाच्या वायफायवर असाल तर कारण बहुधा वेगळं: त्या वायफायला आधी तुमचं ओटीपीचं लॉगिन हवं असतं, म्हणून ते तुमची विनंती मध्येच पकडतं. अशा वेळी नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडा. ती साइट मुद्दाम कुलपाशिवाय, म्हणजे सुरक्षित जोडणीशिवाय, ठेवलेली आहे, त्यामुळे लॉगिनचं पान समोर येतं.

सगळ्यात गंभीर "ऑथॉरिटी इनव्हॅलिड". प्रमाणपत्र देणाऱ्यालाच ब्राउझर ओळखत नाही. घरच्या राउटरच्या सेटिंगचं पान, 192.168.1.1, उघडताना हे दिसलं तर खुशाल पुढे जा. फार जुन्या फोनवरही हे होतं. 30 सप्टेंबर 2021 ला मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या प्रमाणपत्रांचा आधार असलेलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि अपडेट न मिळालेली कित्येक जुनी उपकरणं अडली. पण बँकेच्या साइटवर हा एरर आला तर मागे फिरा. ही भीती पोकळ नाही. जुलै 2014 मध्ये केंद्र सरकारच्या नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या यंत्रणेतून गूगलच्या डोमेनची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं गूगलला आढळलं. विंडोज त्यांच्यामागच्या भारतीय मूळ प्रमाणपत्रावर विश्वास ठेवत होतं, फायरफॉक्सची स्वतःची यादी वेगळी असल्याने त्याला झळ बसली नाही. म्हणजे कोणावर विश्वास ठेवायचा, हे ब्राउझरागणिक बदलतं. एकात चालणारी साइट दुसऱ्यात अडते, त्यामागे हेही एक कारण असतं.

काही साइट्सवर पुढे जायची लिंकच नसते. साइटनेच ब्राउझरला तसं बजावून ठेवलेलं असतं. ती पायरी ओलांडायच्या युक्त्या नेटवर फिरतात, त्यांच्या नादी लागू नका.

कोणता उपाय आधी?

माझ्या मते पहिला मान इन्कॉग्निटोचा, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीचा. तिथे जुन्या कुकीज (साइट्सनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) नसतात, एक्स्टेन्शन सहसा बंद असतात, आणि तुमचं आधी साठवलेलं काही पुसलं जात नाही. तिथे साइट चालली तर दोष तुमच्या ब्राउझरमध्ये साठलेल्या गोष्टींचा. मग फक्त त्या साइटच्या कुकीज काढा. "टू मेनी रीडायरेक्ट्स" (साइट एका पत्त्यावरून दुसऱ्यावर ढकलत राहते) आणि कुकी फार मोठी झाल्याची तक्रार करणारा 400, या दोन्हींवर हा उपाय चांगला लागू पडतो.

"सगळा डेटा क्लिअर" सर्वात शेवटी. त्याने प्रत्येक साइटवरून लॉगआउट होतं, आणि पासवर्डच्या चौकटीत टिक राहिली असेल तर साठवलेले पासवर्डही जातात. सिंक चालू असेल तर फोनवरचेसुद्धा.

डीएनएस बदलायचाच असेल तर घरासाठी मी 9.9.9.9 निवडीन, कारण तो चालवणारी क्वाड9 घातक म्हणून माहीत असलेली डोमेन्स उघडूच देत नाही. गूगलचा 8.8.8.8 आणि क्लाउडफ्लेअरचा 1.1.1.1 हेही भरवशाचे आहेत. घरात म्हातारी माणसं आणि मुलं तोच फोन वापरत असतील तर मात्र 9.9.9.9 च घ्या.

आणि साइटवाल्यांना कळवायचं असेल तर "साइट चालत नाही" एवढंच लिहू नका. पत्त्याची पट्टी दिसेल असा स्क्रीनशॉट, एररची बारीक ओळ, वेळ, आणि मोबाइल डेटावर काय झालं ते लिहा. क्लाउडफ्लेअरच्या एरर पानावर तळाशी "रे आयडी" असतो, तोही जोडा. साइट सांभाळणाऱ्याला तेवढ्यावरून नेमकी तुमची विनंती शोधता येते.