सीआयडी बघायचीच, तर जुनी की नवी?

रात्रीची जेवणं आटोपली, हॉलमध्ये एकच टीव्ही, आणि सीआयडी ही तपासमालिका लावायची हे ठरलेलं. मग वाद उरतो तो एवढाच, की १९९८ पासूनचे जुने भाग काढायचे की २१ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेला नवा सीझन लावायचा. दया दार तोडतो आणि प्रयोगशाळेतले डॉ. साळुंखे व पथकाचे प्रमुख एसीपी प्रद्युम्न एकमेकांना टोमणे मारतात, ते दोन्हीकडे आहेच.

आधी नव्याची बाजू मांडतो, कारण पुढे तिच्यावर थोडा अन्याय होणार आहे. चित्र स्वच्छ, आवाज स्पष्ट. जुन्या भागांचं चित्र चौकोनी आणि धुरकट. पंखा जोरात असेल तर निम्मे संवाद ऐकूच येत नाहीत. शिवाजी साटम (एसीपी प्रद्युम्न), दयानंद शेट्टी (दया), आदित्य श्रीवास्तव (अभिजीत) पुन्हा एकत्र दिसतात, हे सुख आहेच. सुरुवातीलाच अभिजीत दयावर गोळी झाडतो आणि दोघांतलं वैर बरेच भाग पुरतं. ओळखीच्या जोडीत फूट पाडायची कल्पना चांगली होती. शिवाय मध्येच भांडी घासून आलं तरी काही चुकत नाही. पोरंबाळं सोबत असतील तर हाही गुणच म्हणायचा.

जुन्या भागांत मात्र भांडी घासायला उठून चालत नाही. सुरुवातीच्या वर्षांत एक प्रकरण दोन-दोन भाग चालायचं. आशुतोष गोवारीकरचा इन्स्पेक्टर वीरेंद्र होता तो काळ. मोबाइल हाताहातात नव्हते, सीसीटीव्ही नव्हता. त्यामुळे कोण कुठे होतं हे कळायला वॉचमन, शेजारी, फोनबूथवाला अशी दारं झिजवावी लागायची. प्रत्येक दाराशी एखादी माहिती मिळायची, कधी खोटी. तपास म्हणजे ही पायपीटच. आता एक फुटेज आणि एक मोबाइल लोकेशन आलं की लेखकाचं निम्मं काम संपतं, आणि आपलंही.

माझा निर्णय ज्याने लावला ती गोष्ट वेगळीच आहे: शेवटच्या पाच मिनिटांतला फ्लॅशबॅक.

समजा, बंगल्यात मालक मेलाय. भाचा, वकील, नोकर आणि शेजारीण अशा चौघांची चौकशी होते. शेवटी शेजारीण पकडली जाते आणि सांगते, वीस वर्षांपूर्वी याच्या गाडीखाली माझा भाऊ गेला. पडदा फिकट होतो, पाऊस, ब्रेकचा आवाज, किंकाळी. हा भाऊ, ती गाडी, तो अपघात यांतलं काहीच चाळीस मिनिटांत एकदाही आलेलं नसतं. हीच गोष्ट नीट लिहायची तर पहिल्या चौकशीला पथकातला फ्रेडी तिच्या घरी पाणी मागतो, ती आत जाते आणि मागच्या भिंतीवर हार घातलेला एका तरुणाचा फोटो दिसतो. कुणी काही बोलायचं नाही. आपण तो फोटो पाहून विसरतो आणि शेवटी स्वतःवरच चरफडतो. ते चरफडणं जुन्या भागांत बऱ्याचदा मिळतं. नंतरच्या भागांत चरफडायचं तर लेखकावर.

पारखायची युक्ती सोपी आहे. दोन तृतीयांश भाग झाला की थांबवा, कागदावर संशयिताचं नाव आणि एका ओळीत कारण लिहा. नाव चुकलं तर हरकत नाही. कारण लिहिण्याइतकं सामान मिळालं होतं का, एवढंच बघायचं. माझ्याकडे कारणाची जागा कोरी राहिलेले कागद नव्याचेच जास्त निघाले. मोजदाद काटेकोर नाही, मान्य.

हे सगळं २०२४ लाच बिघडलं असंही नाही. पहिली फेरी ऑक्टोबर २०१८ ला संपली तेव्हा १५४७ भाग झाले होते. आठवड्याला एकदा येणारी मालिका मधल्या काळात दोनदा, काही काळ तर तीनदा येऊ लागली. दोन भागांची गोष्ट एका भागात कोंबायची तर आधी काय कापलं जातं? तो भिंतीवरचा फोटो.

प्रयोगशाळेचं तर विचारूच नका. रंगीत नळ्या, संगणकाची टुंग, आणि साळुंखे विषाचं नाव सांगून मोकळे. आपल्याकडे कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयातल्या शवविच्छेदनानंतर 'व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला' अशी ओळ पेपरात येते आणि अहवालाची वाट बघणं सुरू होतं. प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा कोल्हापुरात असली तरी रासायनिक तपासणीला जायचा तो वेळ जातोच. थोबाडीत मारून मिळवलेल्या कबुलीचंही तसंच. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ आहे. ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आल्यापासून इथल्या चहाच्या गाड्यावरही हे कुणीतरी ऐकवतं. पण थप्पड जुन्या भागांतही आहे, तेव्हा हा दोष दोघांच्या खात्यात. फरक एवढाच, की जुन्यात थपडेआधी निदान पुरावा टेबलावर आलेला असायचा.

नव्याचा आणखी एक घोळ. एप्रिल २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्नला संपवलं, खुर्चीवर पार्थ समथानचा एसीपी आयुष्मान बसवला, आणि पुढे प्रद्युम्न परत. साटम परतले याचा आनंद कुणाला नाही? पण त्यानंतर कुणी मेलं की घरात पहिला प्रश्न 'कधी येणार परत?' हाच. रहस्यकथेत हा प्रश्न पडला की भावा, संपलं.

नवा सीझन बघायचाच असेल तर दया-अभिजीत वैराचे सुरुवातीचे भाग बघा आणि सुट्या प्रकरणांना हात लावू नका. जुन्यासाठी थोडी शिस्त लागते. भाग क्रमांक बघूनच लावा. यूट्यूबवर बऱ्याचदा भडक मथळा असतो आणि दुसरा भाग आधी समोर येतो, म्हणजे खुनी फुकटात कळतो. १९९८-९९ पासून सुरुवात करा, अभिजीत पथकात रुळेपर्यंत धीर धरा, आणि २०१० च्या आसपास थांबलात तर फारसं काही हुकणार नाही. इअरफोन किंवा छोटा स्पीकर लावा, संवादांसाठी.

सगळ्याला वेळ नसेल तर ७ नोव्हेंबर २००४ चा 'द इनहेरिटन्स' तेवढा शोधा. १११ मिनिटं, एकही कट नाही, गिनीजमध्ये नोंद झालेला. कॅमेरा थांबतच नाही म्हटल्यावर वीस वर्षांपूर्वीच्या पावसात उडी मारायची सोय लेखकाला नव्हती.