कंटेनर, पफ पॅनेल, एलजीएसएफ की प्रीकास्ट? आपल्या पावसात कोणतं तयार घर टिकतं

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तीन घरांनी मला एकच प्रश्न विचारला. राहायला मुलुंड, गोरेगाव, दादर. प्लॉट कर्जतला, पालघरकडे, अलिबागजवळ आक्षीला. मिस्त्री लावून दर शनिवारी साइटवर जाणं नोकरी सांभाळून जमत नाही. तेवढ्यात कोणीतरी "दीड महिन्यात घर उभं करून देतो" म्हणून कोटेशन देतं आणि मग मला फोन येतो: "दादा, हे कारखान्यातलं घर घ्यावं का? टिकेल का?"

मी मुंबईत बांधकामांवर क्वालिटीचं काम बघतो. स्लॅबच्या काँक्रीटची ताकद तपासायचे क्यूब, प्लास्टरच्या भेगा, बाथरूमची गळती हे माझं रोजचं. त्या अनुभवावरून ठामपणे सांगतो, या घरांमध्ये पॅनेल क्वचितच दगा देतं. दगा देतो तो सांधा. पॅनेल पॅनेलला मिळतं तिथे, खिडकी भिंतीत बसते तिथे, भिंत जोत्यावर टेकते तिथे. कोटेशनमध्ये पॅनेलवर पानभर लिहिलेलं असतं आणि सांध्यांवर एक ओळही नसते. खालची तुलना मी सांध्यांवर नजर ठेवूनच केली आहे.

आधी आपली हवा. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कर्जत-माथेरानच्या पट्ट्यात तीन हजारांच्याही वर. तो सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. वाऱ्याच्या भारासाठीच्या आयएस ८७५ (भाग ३) या मानकात मुंबईचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. हा आकडा कशासाठी असतो हे ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा तिकडच्या लोकांनी पाहिलं. पत्रे, कौलं, सगळं उडालं. त्यात किनाऱ्याजवळ खारा वारा बारा महिने. परदेशातल्या थंड, कोरड्या गावातलं घर बघून जे आवडतं, ते या हवेत तसंच चालेल असं धरून चालू नका.

कंटेनर

दिसायला छान आणि लोकांना सगळ्यात जास्त भुरळ घालणारा प्रकार. माझं मत मात्र राहण्याच्या घरासाठी नको असंच आहे.

कंटेनर बाहेरून आठ फूट रुंद असतो, कारण तो रस्त्यावरून न्यायचा असतो. आतली रुंदी सात फूट आठ इंचांच्या आसपास. दोन्ही बाजूंना इन्सुलेशन आणि बोर्ड लावला की उरतात जेमतेम सात फूट. साडेसहा फुटांचा पलंग आडवा टाकला तर पायाशी उभं राहता येत नाही. उंचीचंही तेच. साध्या कंटेनरची आतली उंची सात फूट दहा इंच. राहत्या खोलीला २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट उंची हवी असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. छताला बोर्ड मारून पंखा लावला की सदरा काढताना हात पात्याला लागेल इतका तो खाली येतो. घ्यायचाच तर साडेनऊ फूट उंचीचा हाय क्यूब घ्या.

पोलाद उत्तम असतं, यात वाद नाही. पण कंटेनरची ताकद चार कोपऱ्यांच्या खांबांत आणि नालीदार भिंतींत असते. मोठी खिडकी कापली की भिंतीची ताकदही कापली जाते, म्हणून प्रत्येक उघड्या जागेभोवती बॉक्स सेक्शनची, म्हणजे पोकळ चौकोनी पोलादी पाइपची, चौकट वेल्ड करावी लागते. आणि वेल्डिंग झालं तिथला रंग जळतो, पहिला गंज तिथूनच धरतो. छप्पर सपाट, त्यावर पाणी साचतं. आतली मूळ प्लायची जमीन कीटकनाशक मारलेली असते, ती बदलून घ्या किंवा पक्की सील करून घ्या. गोडाऊन, वॉचमनची खोली, रस्त्याकडेचं कॅफे यांसाठी ठीक. आईवडिलांना राहायला नको.

पफ पॅनेलचं घर

रंगीत पत्र्याचे दोन थर, प्रत्येकी साधारण अर्धा मिलिमीटर, मध्ये ५० मिलिमीटर पॉलियुरेथेन फोम, म्हणजेच पफ. उष्णता अडवण्यात याला तोड नाही. हिशेब केला तर ५० मिमी पफ सुमारे दीड मीटर जाडीच्या विटांच्या भिंतीइतकी उष्णता अडवतो. एसी पटकन गार करतो, पण बंद केला की तितकाच पटकन उकाडा होतो, कारण भिंतीत गारवा धरून ठेवणारं वजनच नसतं.

फोमची घनता घनमीटरला ४० किलो असावी आणि ती कोटेशनमध्ये लिहून घ्यावी. पफ म्हणून थर्माकोल विकला जातो, त्याची परीक्षा सोपी आहे. कापलेला तुकडा मागा आणि कडेला नखाने खरवडा. पांढरे गोल दाणे सुटले तर तो थर्माकोल. पिवळसर, बारीक भुकटी पडली तर पफ.

आगीच्या बाबतीत मला या प्रकाराची भीती वाटते. पफ जळतो तेव्हा विषारी धूर निघतो, आणि छोट्या घरात बाहेर पडायला फार वेळ मिळत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीत तरी रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेली लोकर, भरलेलं पॅनेल घ्या, ती जळत नाही. वायरिंग पाइपमधून नेलेलं असलं पाहिजे, फोममध्ये उघडी वायर दाबलेली चालणार नाही.

आता सांधा. माझ्या ताईने नागावला समुद्रापासून चालत सात-आठ मिनिटांवर असं घर बसवलं. पहिला पावसाळा कोरडा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात तिचा फोन आला, "अरे, भिंतीतून नाही, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी येतंय. पुसलं की परत." मी जाऊन बघितलं. कारागिराने पॅनेल कापून खिडकी बसवली होती आणि फट सिलिकॉनने भरली होती, बस्स. खिडकीखाली बाहेर उतार असलेली पत्र्याची पट्टी नव्हती, वर छज्जा नव्हता. उन्हाने सिलिकॉन एका बाजूने सुटला होता, माझी नखं आत गेली. पॅनेलची कापलेली कड पाणी पीत होती आणि आतून पत्रा फुगला होता. छपराचा एक स्क्रू मी फिरवून काढला. डोक्याचा झिंक गेलेला, रबराचा वॉशर कडक होऊन चिरलेला, आणि त्याच्याखाली पांढऱ्या पत्र्यावर चहा सांडल्यासारखा तपकिरी ओघळ. सगळ्या छपरावर, ओळीने, प्रत्येक स्क्रूखाली तसाच. बनवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, वॉरंटी पॅनेलवर आहे, फिटिंगवर नाही. कागद काढून बघितला. खरंच तसं लिहिलं होतं. ताईने आयुष्यभराच्या बचतीतून ते घर घेतलं होतं, तिचा तेव्हाचा चेहरा मला अजून आठवतो. हा लेख मी लिहायला घेतला तो त्यामुळेच.

एलजीएसएफ

लाइट गेज स्टील फ्रेम. पातळ पत्रा थंड अवस्थेत वाकवून केलेल्या सी आकाराच्या पट्ट्यांचा सांगाडा, पट्टीची जाडी साधारण पाऊण ते सव्वा मिलिमीटर, दोन्ही बाजूंना सिमेंट बोर्ड, मध्ये रॉकवूल. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२१ ला सहा शहरांत लाइट हाउस प्रकल्पांची पायाभरणी केली, त्यातल्या आगरताळ्याच्या घरांसाठी हीच पद्धत निवडली होती. म्हणजे तंत्र खेळण्यातलं नाही. चार प्रकारांत माझा कल इकडेच आहे, पण अटींसकट.

पहिली अट झिंकची. कोटेशनमध्ये नुसतं "जीआय", म्हणजे गंजू नये म्हणून झिंकचा लेप दिलेला पत्रा, एवढंच लिहिलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. चौरस मीटरला २७५ ग्रॅम झिंक म्हणजे दोन्ही बाजू धरून २७५, एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन. आपल्या केसाच्या जाडीहूनही कमी. कर्जत-मुरबाडला एवढं पुरतं. किनाऱ्याजवळ अ‍ॅल्युमिनियम-झिंकचा लेप मागा, १५० ग्रॅमचा. पत्र्याच्या मिलचं सर्टिफिकेट बघितल्याशिवाय पैसे सोडू नका. आणि साइटवर प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियन ग्राइंडर घेऊन पट्टीला भोक पाडतो, तिथे झिंक संपलं. कारखान्यातच भोकं पाडून आणलेली चौकट हवी. जागेवर कापावंच लागलं तर कापलेल्या कडेला लगेच झिंकचा प्रायमर.

दुसरी अट जोत्याची. भिंतीची सगळ्यात खालची आडवी पट्टी ही या घराची दुखरी जागा. जोतं दीड-दोन फूट उंच, पट्टीखाली ओल अडवणारा थर, आणि अँकर बोल्ट किती अंतरावर हे ड्रॉइंगवर लिहिलेलं. हलकं घर भूकंपात फायद्याचं, पण वाऱ्यात ते उचललं जातं. त्याला जमिनीशी धरून ठेवतात ते हेच बोल्ट. छपराला मी जितकं बारकाईने बघतो तितकंच बोल्टला बघतो.

तिसरी गोष्ट फार कमी जण विचारतात. थंड देशांत वाफ अडवणारा प्लास्टिकचा थर भिंतीच्या आतल्या बाजूला लावतात, कारण दमट ऊब घरात असते आणि बाहेर गारठा. आपल्याकडे उलटं आहे. जुलैत मुंबईत हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो, २४-२५ अंशांच्या आसपास असतो. तुम्ही एसी २२ वर लावला की आतल्या बोर्डाची मागची बाजू त्याहून गार होते, बाहेरची दमट हवा भिंतीत शिरून तिथे पाणी धरते, आणि दोन वर्षांनी कपाटामागे बुरशीचा काळा नकाशा उमटतो. आपल्याकडे तो थर बाहेरच्या बाजूला हवा. पुरवठादाराला हा एक प्रश्न विचारा. त्याने लगेच उत्तर दिलं तर तो या हवेत काम केलेला माणूस आहे.

भिंतीवर टकटक केली की पोकळ वाजते आणि सासरे-काका मंडळी नाक मुरडतात. आवाजावरून ताकद ठरत नाही. मात्र गीझर, टीव्ही, भिंतीवरची कपाटं कुठे येणार हे आधीच ठरवून तिथे आतून जाड प्लाय किंवा पट्टी टाकून घ्यावी लागते, नंतर कुठेही ड्रिल मारून भागत नाही. बाथरूमला साधा जिप्सम बोर्ड अजिबात नको, सिमेंट बोर्ड आणि त्यावर वॉटरप्रूफिंग. बोर्डांच्या जोडांवर जाळीची टेप लावून भरणी केली नाही तर पहिल्याच उन्हाळ्यात उभ्या रेघा दिसतात.

प्रीकास्ट

कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती आणि स्लॅब, क्रेनने जोडायचे. खारा वारा, आडवा पाऊस, आग, वाळवी, सगळ्याला हेच सगळ्यात चांगलं तोंड देतं, अर्थात सळईवर पुरेसं काँक्रीट असेल तर. वेगही दांडगा. नवी मुंबईत बामणडोंगरीला सिडकोच्या प्रकल्पात ९६ दिवसांत ९६ घरांची इमारत याच पद्धतीने उभी राहिली. पण इथेही सगळा खेळ जोडाचाच. १६ मे १९६८ ला लंडनमध्ये रोनन पॉइंट या बहुमजली इमारतीत गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. एक भिंत सुटताच वरची पॅनेलं धरून ठेवायला जोडांत ताकद नव्हती.

एकट्या बंगल्यासाठी अडचण व्यवहाराची आहे. क्रेन आणि ट्रेलर तुमच्या गावच्या वळणावर वळतो का, हे आधी स्वतः जाऊन बघा. दोन खोल्यांसाठी चांगला कारखाना साचे लावत नाही. मग समोर येतं ते कंपाउंडवालं "प्रीकास्ट": खाचा पाडलेले खांब आणि त्यात सरकवलेल्या पातळ फळ्या. ती कुंपणाची भिंत आहे. फळ्या एकमेकींना बांधलेल्या नसतात, फटींतून पाणी येतं. स्वस्त पडतं म्हणून त्यात संसार मांडू नका, अगदी कळकळीने सांगतो.

राहिला प्रश्न नेहमीच्या बांधकामाचा. आरसीसी चौकट आणि एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे), किंवा रायगड-रत्नागिरीकडे चिऱ्याची भिंत. वेळ जास्त, डोकेदुखी जास्त, पण दहा वर्षांनी काही बिघडलं तर गावातला मिस्त्री दुरुस्त करतो. पॅनेलच्या घराला तोच रंग, तीच नाली तेव्हा मिळेलच असं नाही. हा मुद्दा मी किमतीच्या वर ठेवतो. किमतीची तुलना करताना पाया, जीएसटी, वाहतूक, क्रेन, सेप्टिक टँक धरून शेवटचा आकडा समोर ठेवा, कारण चौरस फुटाच्या दरात यातलं बरंचसं नसतं. "हलवता येतं म्हणून परवानगी लागत नाही" यावर विसंबू नका, ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयात जाऊन स्वतः विचारा.

करार करताना दोन गोष्टी लेखी घ्या. शेवटचे दहा टक्के पहिला पावसाळा संपल्यावर. आणि ताबा घेण्याआधी प्रत्येक खिडकीवर अर्धा तास पाइपने पाण्याचा जोरदार फवारा, आत कोणीतरी कोरडं फडकं घेऊन बसलेलं.

मुलुंडच्या जोडप्याला मी कर्जतसाठी एलजीएसएफ घ्यायला सांगितलं, अडीच फूट वळचण आणि वर सांगितलेल्या अटी घालून. त्यांचं जोतं सध्या भरून होतंय. दादरच्या काकांचा प्लॉट आक्षीला, समुद्र दिसतो इतका जवळ. त्यांना चिऱ्याचं घर बांधा म्हटलं, वर्षभर लागलं तरी चालेल. ताईच्या घराचे सगळे स्क्रू आम्ही स्टेनलेसचे केले, खिडक्यांवर छज्जे बसवले, कापलेल्या कडांना पट्ट्या मारल्या. घर आता कोरडं आहे, खर्च मात्र बराच झाला. गोरेगावच्या मित्राला पालघरसाठी मी अजून सही करू दिलेली नाही. त्याच पुरवठादाराने सफाळ्याला पाच वर्षांपूर्वी बसवलेलं एक घर आहे, ते आम्ही ऑगस्टमध्ये बघायला जाणार आहोत, पाऊस चालू असताना.