सूर्यासाठी माउंट घेताय? एझेड-जीटीआय, ईक्यू३-२ आणि फिल्टरांचा हिशेब

८० मिमीची रिफ्रॅक्टर (भिंगाची) दुर्बीण आहे, सौरडाग बघायचे आहेत, माउंट, म्हणजे दुर्बीण पेलणारी आणि फिरवणारी बैठक, कोणता घेऊ? असं विचारलं की बहुतेक वेळा इक्वेटोरियल (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणारा) माउंट पुढे केला जातो. तो दिसायलाही भारदस्त असतो. रात्री फोटो काढायचे असतील तर त्याला पर्याय नाही, हे खरं. पण फक्त सूर्य बघायचा असेल आणि तोही आपल्या अक्षांशावरून, तर स्कायवॉचरचा एझेड-जीटीआय हा अल्ट-अझिमथ, म्हणजे वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा, माउंट सरस ठरतो. ईक्यू३-२ हा इक्वेटोरियल माउंट वाईट आहे असं नाही, पण त्याची रचना ४०-५० अंशांवरच्या आकाशाला सोयीची आहे.

पुण्याचा अक्षांश साडेअठरा, मुंबईचा एकोणीस. इतक्या कमी कोनावर ईक्यू३-२चा ध्रुवाक्ष (ध्रुवाकडे रोखलेला अक्ष) जवळजवळ आडवा होतो आणि होम पोझिशनमध्ये, म्हणजे नळी ध्रुवाकडे असताना, काउंटरवेटची (तोल साधणाऱ्या वजनाची) दांडी उत्तरेकडच्या पायाला जाऊन भिडते. सकाळी आठ-साडेआठला सूर्य पूर्वेला खाली असतो तेव्हाही दांडी पायाच्या आसपासच घुटमळत असते, आणि सूर्य बघायला नेमकी हीच वेळ चांगली. उपाय सोपा: वजन दांडीच्या टोकाला न लावता वर सरकवा, नाहीतर आखूड दांडीवर जड वजन लावा. अक्षांशाचा बोल्ट फिरवण्याआधी काउंटरवेट आणि नळी दोन्ही उतरवा. भार असताना पिळला की बोल्ट वाकतो. सेकंडहँड माउंट घेताना हा बोल्ट पूर्ण बाहेर काढून बघाच.

दिवसा ध्रुवतारा दिसत नाही, त्यामुळे ध्रुवाक्ष होकायंत्र आणि मोबाइलमधल्या कोनमापकावर लावावा लागतो. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहून कमी फरक आहे, तेव्हा ती दुरुस्ती सोडून दिली तरी चालतं. मात्र लोखंडी ट्रायपॉड, गच्चीच्या सळया आणि काउंटरवेट यांच्यापासून होकायंत्र लांब धरा. एवढं करूनही अक्ष एक अंशाने चुकला तर सूर्य तासाला १५ कलांपर्यंत सरकू शकतो, म्हणजे त्याच्या जवळजवळ अर्ध्या व्यासाइतका. नजरेने बघताना अधूनमधून डेक्लिनेशनचा (दुसऱ्या अक्षाचा) नॉब फिरवला की भागतं. एका अक्षाची मोटर पुरेशी आहे. ती ताऱ्यांच्या वेगाने चालली तरी तासाभरात जेमतेम अडीच कलांचा फरक पडतो, तेव्हा ‘सोलर रेट’साठी (सूर्याच्या वेगाने चालण्याच्या सोयीसाठी) वेगळे पैसे मोजू नका. मोटर मुळीच नसेल तर मात्र सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो आणि शाळेतली चाळीस मुलं रांगेत असली की हात नॉबवरून निघत नाही.

एझेड-जीटीआयचं डोकं सव्वा किलोच्या आसपास, क्षमता ५ किलो. ८० मिमी व्यासाची, ६०० मिमी नाभीय अंतराची नळी, रिंगा, डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा भाग) आणि आयपीस (डोळा लावायचं भिंग) धरून साडेतीन-चार किलो होतात, म्हणजे बसतं, पण फार सैल नाही. १०० मिमीची लांब रिफ्रॅक्टर यावर लादू नका. वजन कदाचित पेललं जाईल, पण लांब नळी वाऱ्यात हलते ती हलतेच.

दुकानातच करता येण्याजोगी एक चाचणी: ६०-७० पट वर्धनावर लांबच्या अँटेनावर नेम धरा, नळीवर बोटाने हलकी टिचकी मारा आणि चित्र किती वेळ थरथरतं ते मोजा. दोन सेकंदांत थांबलं तर उत्तम. चारच्या पुढे गेलं तर फोकस करणं जिवावर येतं. सोबत मिळणारा ट्रायपॉड हा या माउंटचा कच्चा दुवा. पाय पूर्ण ओढले की थरथर लगेच वाढते. पाय मिटलेले ठेवा, खुर्चीवर बसून बघा, आणि बुडाशी पाण्याची पाच लिटरची कॅन टांगा. कॅन जमिनीला जेमतेम टेकलेली हवी, लोंबकळत राहिली तर तीच हलते.

वापराची रीत अशी. ट्रायपॉड समपातळीत, नळी आडवी आणि उत्तरेकडे. मग मोबाइल माउंटच्या वायफायला जोडा. इथे पहिली अडचण येते: या वायफायवर इंटरनेट नसतं, म्हणून फोन परस्पर मोबाइल डेटावर उडी मारतो आणि संपर्क तुटतो. डेटा बंद करा. दुसरी अडचण म्हणजे माउंट चालवणाऱ्या सिनस्कॅन अॅपच्या यादीत सूर्य सापडत नाही. सुरक्षेसाठी तो मुळात बंद ठेवलेला असतो, सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावा लागतो. ताऱ्यांचं अलाइनमेंट दिवसा शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. क्लच सैल करून नळी हाताने सूर्यावर आणा, ‘पॉइंट अँड ट्रॅक’मध्ये सूर्य निवडा, माउंट पाठलाग सुरू करतो. आत आठ एए सेल बसतात, पण १२ व्होल्टचा पुरवठा असलेला बरा. सेल उतरत आले की मोटर विचित्र वागते आणि दोष अॅपला दिला जातो. एक सूचना: उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही आणि फोन तापून बंदही पडतो. त्याला सावली द्या.

एझेड-जीटीआयचा खरा दोष मे महिन्यात कळतो. शून्य सावली दिवसाच्या सुमारास, म्हणजे पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मेच्या आसपास, भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. तिथे अल्ट-अझिमथ माउंटला काही मिनिटांत जवळजवळ अर्धं वर्तुळ फिरावं लागतं, तो मागे पडतो. शिवाय नळीचं मागचं टोक ट्रायपॉडच्या पायाला आपटतं. डोक्याखाली जोडण्याचा उभा पाइप घेतला तर आपटणं टळतं, पण थरथर वाढते. तसाही सकाळी आठ ते दहा हाच वेळ पाळावा. त्यानंतर गच्चीचा स्लॅब तापतो आणि सूर्याची कडा उकळत्या पाण्यासारखी हलू लागते. हिरवळीवर किंवा मातीवर दुर्बीण लावली तर आणखी तासभर मिळतो.

आता फिल्टर. दुर्बिणीच्या तोंडावर लावायच्या बाडर कंपनीच्या अॅस्ट्रोसोलर फिल्मला तोड नाही. नजरेने बघण्यासाठी ओडी (प्रकाश किती अडवला जातो त्याचं माप) ५.०, म्हणजे एक लाखांश प्रकाश आत येतो. ओडी ३.८ फक्त फोटोसाठी असते, तिच्यातून डोळ्याने बघायचं नाही. पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. २० × २९ सेंमीच्या एका तावात ८० मिमीच्या दुर्बिणीचे दोन फिल्टर निघतात. पुठ्ठ्याच्या दोन कड्या, दुहेरी चिकटपट्टी, मध्ये फिल्म. फिल्म डफासारखी ताणू नका. ताणली की प्रतिमा बिघडते, उलट थोड्या सुरकुत्यांनी काही बिघडत नाही. कडीला किमान तीन सेंमीची बाही करा, ती नळीवर घट्ट बसायला हवी, आणि वरून तीन ठिकाणी टेप मारा. फिल्टर वाऱ्यानेच उडतो असं नाही, कुतूहलाने हात लावणाऱ्या मुलांमुळेही निघतो. दर वेळी लावण्यापूर्वी तो टॉर्चसमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढं एखादं भोक काळ्या मार्करने बुजवता येतं, ओरखडा किंवा चीर असेल तर सरळ फेकून द्या.

स्वस्त दुर्बिणींसोबत आयपीसमध्ये फिरवून बसवायची एक गडद काच येते, तिच्यावर ‘सन’ लिहिलेलं असतं. ती हातोड्याने फोडा. सगळा प्रकाश एकवटतो तिथेच ती बसते, तापून तडकते, आणि तडकते तेव्हा डोळा मागेच असतो. ग्रहणाचे चष्मे लावून दुर्बिणीतून बघणंही तितकंच घातक. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) काढून ठेवा. नेम धरायला नळीची जमिनीवर पडणारी सावली पुरते: ती सर्वांत लहान आणि गोल झाली की सूर्य आत आला.

हर्शेल वेज, म्हणजे आयपीसच्या आधी बसणारा पाचरीच्या आकाराचा काचेचा प्रिझम. त्यातून सौरडागांची उपछाया (डागाभोवतीचा फिकट भाग) आणि कडेजवळच्या फॅक्युली (उजळ पट्टे) फिल्मपेक्षा नक्कीच खणखणीत दिसतात, पण किंमत फिल्मच्या कित्येक पट. काचेच्या पृष्ठभागावरून पाचेक टक्के प्रकाशच आयपीसकडे वळतो, बाकीची उष्णता मागून बाहेर पडते, म्हणून मागचा भाग हाताला चटका देतो. आतला एनडी ३.० (प्रकाश कमी करणारा) फिल्टर जागेवर आहे याची खात्री केल्याशिवाय डोळा लावू नका. हा वेज फक्त रिफ्रॅक्टरवर चालतो. न्यूटोनियन, मॅक्सुटोव्ह किंवा श्मिट-कॅसेग्रेन या आरशाच्या दुर्बिणींवर लावला तर दुय्यम आरशाचं वाटोळं होतं. ८० मिमीवर फिल्म आणि वेज यांच्यातला फरक नवख्याला कळतही नाही. १०० मिमीच्या पुढे गेलात तर विचार करा.

सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या सौरज्वाळा बघायच्या असतील तर वरच्या कशाचाच उपयोग नाही, ६५६.२८ नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा फिल्टरच हवा. असा फिल्टर आतच असलेली कोरोनाडोची ४० मिमीची पीएसटी ही सौर दुर्बीण बाजारात जुनी मिळते आणि एझेड-जीटीआयवर ती पिसासारखी बसते. घेण्याआधी आयपीस काढून आतल्या फिल्टरकडे टॉर्च मारून बघा. जुन्या पीएसटीत आतला फिल्टर कालांतराने धुरकट होतो, आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलेल्या नगाबाबत तर हे तपासायलाच हवं. शेवटी सूर्यावर धरून ट्यूनिंगची कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. कडेवरच्या ज्वाळा एका जागी ठळक होऊन पुन्हा पुसट व्हायला हव्यात. सगळीकडे नुसती एकसारखी लाल तबकडी दिसत असेल तर किंमत कितीही पाडून मिळाली तरी घेऊ नका.