यूट्यूब: फुकट की प्रीमियम?

फुकट यूट्यूबवर अभंग ऐन रंगात आला की जाहिरात घुसते, आणि स्क्रीन बंद केली की आवाजही बंद. प्रीमियममध्ये ही दोन्ही दुखणी जातात. भारतात एका व्यक्तीचं मासिक शुल्क ऑगस्ट २०२४ मध्ये १२९ वरून १४९ रुपये झालं.

पण व्हिडिओ करणाऱ्याने स्वतःच मध्ये घातलेली प्रायोजकाची जाहिरात पैसे भरूनही उरतेच. नापसंतीचा आकडा नोव्हेंबर २०२१ पासून लपवलाय, तोही मिळत नाही. नळदुरुस्ती किंवा पिकावरची फवारणी शिकताना तोच आकडा सावध करायचा. मला हे जाहिरातींपेक्षा मोठं नुकसान वाटतं.

घरात आजी-आजोबा रोज तासन्‌तास कीर्तनं ऐकत असतील, तर प्रीमियम जरूर घ्या. अधूनमधून पाककृती बघण्यापुरतं फुकटचं पुरे.