सँडब्लास्टिंग कॅबिनेट आणि धूळ: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

सँडब्लास्टिंग म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कण (यांना मीडिया म्हणतात) वस्तूवर मारून गंज काढणं. हे काम ज्या बंद पेटीत, काचेतून बघत आणि पेटीलाच जोडलेल्या हातमोज्यांत हात घालून करतात, ते कॅबिनेट. टेबलावर मावणारं, सक्शन गनचं (म्हणजे मीडिया स्वतः ओढून घेणाऱ्या गनचं) छोटं कॅबिनेट घरच्या वर्कशॉपमध्ये वापरतोय त्याला आता बरेच महिने झाले. गंज काढायचं काम ते चोख करतं, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. लिहायचंय ते धुळीबद्दल, कारण असं यंत्र घरात ठेवावं की नाही हे धुळीवरच ठरतं. कंपनीकडून आलं त्या अवस्थेत हे कॅबिनेट घरात चालवण्याजोगं नव्हतं. आज आहे. मधल्या काळात केलेल्या बदलांपैकी कोणते खरोखर कामाला आले ते सांगतो.

पेटी बंद आहे म्हणजे धूळ आतच राहील, असं वाटणं साहजिक आहे. पण गन चालू असताना पेटीत सतत हवा भरली जात असते. घरगुती आकाराची गन मिनिटाला साधारण दहा ते वीस घनफूट हवा आत सोडते. ही हवा कुठून तरी बाहेर पडणारच. तिला वाट करून दिली नाही तर ती स्वतः शोधते: दाराची फट, पत्र्याचे सांधे, दिव्याच्या वायरचं भोक, खालच्या झाकणाची कड. जाताना सगळ्यात बारीक धूळ सोबत नेते. जाड कण पेटीतच पडून राहतात. निसटतात ते दहा मायक्रॉनच्या आतले, म्हणजे डोळ्यांना सुटे न दिसणारे आणि फुप्फुसात खोलवर पोचणारे. म्हणून पेटीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कायम कमी हवा. मग एखादी फट राहिली तरी तिथून खोलीतली हवा आत ओढली जाते, आतली बाहेर येत नाही.

हा दाब कमी आहे की नाही हे कळायला कुठलंही उपकरण लागत नाही, कॅबिनेटचे हातमोजेच सांगतात. हात न घालता, कॅबिनेटमधली हवा ओढून घ्यायला जोडलेला व्हॅक्युम क्लीनर (पुढे नुसता व्हॅक्युम) चालू करा. लोंबणारे मोजे आतल्या बाजूला फुगून ताठ होतात, बोटंही भरल्यासारखी दिसतात. मग एका हाताने गन वस्तूवर धरून पेडल दाबा आणि दुसऱ्या, रिकाम्या मोज्याकडे लक्ष ठेवा. तो तसाच फुगलेला राहिला तर ठीक आहे. सैल पडून लोंबायला लागला तर गनची हवा व्हॅक्युमला भारी पडते आहे. आणि मोजा उलटा होऊन तुमच्याकडे बाहेर यायला लागला तर तिथल्या तिथे थांबा, कारण त्या वेळी प्रत्येक फटीतून धूळ खोलीत येते आहे. माझ्या कॅबिनेटच्या मूळ जोडणीत मोजा सैल पडायचा. कॅबिनेटच्या मागे कंपनीने दिलेली कापडी पिशवी होती, तिच्यातून बारीक धूळ सरळ आरपार जात होती.

पुढे मी मोज्यांच्या जोडीला पाण्याची नळी लावली. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून फळीवर बसवली, निम्मी पाण्याने भरली, एक टोक कॅबिनेटला जोडलं, दुसरं मोकळं सोडलं. व्हॅक्युम चालू झाला की कॅबिनेटकडच्या बाजूचं पाणी वर चढतं. गन चालू असताना दोन्ही बाजूंच्या पातळीत सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा फरक राहिला की माझं काम व्यवस्थित चालतं. ही नळी एवढ्यासाठी आवडते की ती बिघाडही ओळखून देते. फरक हळूहळू कमी होत गेला तर व्हॅक्युमचा फिल्टर भरला आहे. फरक वाढत गेला तर हवा आत येण्याची वाट तुंबली आहे. बाहेर बसून, काहीही न उघडता हे समजतं.

हवा आत येण्याच्या वाटेबद्दल जरा थांबून लिहितो, कारण सगळ्यात मोठा फरक इथे पडला. पेटीत दाब कमी असणं वेगळं आणि पेटीतून हवा वाहणं वेगळं. सगळ्या फटी पक्क्या बुजवून जबरदस्त व्हॅक्युम लावला तर दाब भरपूर कमी होतो, पत्रा कुरकुरतो, व्हॅक्युमचा आवाज चढतो, आणि आत मात्र धुकं तसंच राहतं. धूळ वाहून न्यायला हवा वाहती लागते, आणि ती वाहण्यासाठी स्वच्छ हवा आत यायला ठरलेलं तोंड लागतं. माझ्या कॅबिनेटला ते तोंड होतं, पण बाहेर जाणाऱ्या पाइपच्या अगदी शेजारी. हवा इकडून यायची आणि तिकडून लगेच जायची, मधला सगळा भाग साचलेला. मी जुनं तोंड बंद करून समोरच्या बाजूला, वरच्या अंगाला नवीन भोक पाडलं, बाहेर जाणाऱ्या पाइपपेक्षा थोडं मोठं. आतल्या बाजूने त्याच्यासमोर वाकवलेला पत्रा लावला, म्हणजे उसळलेले कण सरळ बाहेर येत नाहीत. बाहेरून एसीच्या फिल्टरसारखी जाळी बसवली. त्यानंतर काचेतून वस्तू सलग दिसायला लागली. आधी थोडा वेळ ब्लास्ट करून धुकं निवळायची वाट बघावी लागायची, ती आता बघावी लागत नाही. काचेतून किती स्पष्ट दिसतं हीच धुळीच्या बंदोबस्ताची रोजची परीक्षा आहे.

फटींसाठी साधे उपाय पुरले. पत्र्याच्या सांध्यांना आतून सिलिकॉन सीलंट, वायरच्या भोकाला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं), आणि दाराच्या फोमच्या पट्टीऐवजी पोकळ रबरी पट्टी. फोममध्ये कण रुतून बसतात आणि तो लवकर चपटा होतो.

आता व्हॅक्युम. कॅबिनेट आणि व्हॅक्युम यांच्यामध्ये सायक्लोन लावा, यात तडजोड नको. सायक्लोनमध्ये हवा गोल फिरते, जड कण भिंतीला लागून खालच्या बादलीत पडतात आणि फिल्टरपर्यंत फक्त अगदी बारीक भुकटी पोचते. सायक्लोन नसेल तर फिल्टर बघता बघता तुंबतो, ओढ कमी होते, आणि पुन्हा मोजे सैल पडतात. बादली मात्र जाड भिंतीची किंवा लोखंडी घ्या. पाइपमध्ये काही अडकलं तर पातळ प्लास्टिकची बादली आत चेपते.

ओढ जास्त झाली तरी त्रास आहेच. मग धुळीसोबत चांगला मीडियाही निघून जातो. यासाठी पाइपवर सरकणारी झडप आहे आणि कॅबिनेटच्या आत, बाहेर जाणाऱ्या तोंडासमोर पत्र्याची आडभिंत आहे. झडप किती उघडावी हे बादलीतल्या मालावरून ठरवतो. हातमोजा घालून चिमूटभर माल बोटांत चोळायचा. पिठासारखा मऊ लागला तर झडप योग्य जागी आहे. खरखरीत कण लागले तर वापरण्याजोगा मीडिया वाया जातो आहे, झडप थोडी बंद करायची.

व्हॅक्युमच्या आतला फिल्टर हेपा दर्जाचाच हवा. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारा. साधा फिल्टर असलेला व्हॅक्युम कॅबिनेटमधली सगळ्यात घातक धूळ गोळा करून मागच्या तोंडाने जोरात खोलीभर फवारतो. त्यापेक्षा व्हॅक्युम नसलेला बरा, निदान धूळ कॅबिनेटभोवती दिसते तरी. जमत असेल तर हेपा असूनही व्हॅक्युमची सुटणारी हवा पाइपने खोलीबाहेर काढावी, मात्र कुणाच्या खिडकीसमोर नाही.

कोरड्या हवेत काम करताना हाताला स्थिर विजेचे चटके बसायचे. प्लास्टिकच्या पाइपमधून कण घासत जातात, त्यातून हा भार साचतो. कॅबिनेटचा पत्रा आणि गन अर्थिंगला जोडली, सायक्लोनच्या पाइपमधून उघडी तांब्याची तार नेऊन तीही अर्थ केली, आणि चटके थांबले. धूळ पाइपच्या आतल्या बाजूला चिकटून बसणंही कमी झालं.

मीडियाबद्दल माझं मत ठाम आहे: वाळू नाही, कधीच नाही, कितीही सहज मिळत असली तरी. वाळूतला स्फटिकरूप सिलिका आदळून फुटतो आणि त्याची ताजी भुकटी फुप्फुसात जात राहिली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. हा आजार बरा होत नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ब्लास्टिंगसाठी वाळू बंद केली. तुर्कस्तानात जीन्स ब्लास्ट करणारे तरुण कामगार याच आजाराने गेले, तेव्हा २००९ मध्ये तिथे कापडावर वाळू मारण्यावर बंदी आली. अमेरिकेत श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकाची आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. एवढी धूळ हवेत असली तरी डोळ्यांना काही दिसत नाही.

मी गंजासाठी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सुट्या भागांना चकाकी आणायला काचेचे मणी वापरतो. मणी काचेचे असले तरी काचेतला सिलिका स्फटिकरूप नसतो. गार्नेट हे खनिजही चांगलं आहे, पण माझ्याकडे ते लवकर फुटतं आणि धूळ वाढवतं. बेकिंग सोडा एकदाच वापरता येतो आणि फिल्टर भरून टाकतो, या कॅबिनेटमध्ये तो मी पुन्हा घालणार नाही.

धूळ मुळातच कमी करायची तर गनच्या हवेचा दाब उतरवा. काचेचे मणी ८० पीएसआयवर (पौंड प्रति चौरस इंच) भराभर फुटतात, ५० च्या आसपास बराच काळ टिकतात, आणि काम होतं तेवढंच होतं, फक्त थोडं सावकाश. मीडिया अधूनमधून चाळून भुकटी काढून टाकली की काचेतलं दृश्य लगेच सुधारतं. कॉम्प्रेसरच्या लाइनला पाण्याचा सापळा हवाच. दमट मीडियाच्या गाठी होतात, गन खोकल्यासारखी मारते आणि गाठी सोडवायला दार सारखं उघडावं लागतं.

धूळ खोलीत येण्याचा खरा क्षण दार उघडण्याचा. म्हणून काम संपलं की वस्तूवर आतल्या आत साधी हवा मारून घेतो, गन बंद करतो आणि व्हॅक्युम मिनिटभर तसाच चालू ठेवतो. उघडतानाही तो बंद करत नाही. कॅबिनेट चांगलं झालं तरी मास्क सुटला नाही: दार उघडताना, मीडिया चाळताना आणि बादली रिकामी करताना बारीक धूळ अडवणाऱ्या पी१०० दर्जाच्या फिल्टरचा, नाक-तोंड झाकणारा अर्धा मुखवटा घालतो. दाढी असेल तर तो नीट बसत नाही, हे लक्षात ठेवा. बादलीत आधीच पिशवी लावलेली असते, ती वरून गाठ मारून उचलायची, ओतायची नाही. आजूबाजूची जागा ओल्या फडक्याने पुसायची. कोरडा झाडू मारला की खाली बसलेली धूळ पुन्हा नाकाच्या उंचीला येते.

हे सगळं चालतंय का, हे रात्री तपासतो. खोलीत अंधार करून, एक हात आत घालून ब्लास्टिंग चालू ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने टॉर्चचा झोत दाराच्या कडेला समांतर धरायचा. कवडशात दिसतात तसे कण झोतात तरंगताना दिसले तर तिथे फट आहे. दिवसा न दिसणारी गळती अशी दिसते. शेवटच्या तपासणीत फक्त डाव्या मोज्याच्या कड्यापाशी बारीक रेघ दिसली, क्लँप आवळल्यावर ती गेली.

काही कामं या कॅबिनेटमध्ये मी करतच नाही. जुन्या लोखंडावरच्या रंगात शिसं असू शकतं, आणि कॅडमियमचा मुलामा असलेले बोल्टही आत घालत नाही. ती विषारी धूळ घरात आणण्यासारखी नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि गंजलं लोखंड यांची धूळ एकाच बादलीत साचू देत नाही. दोन्ही भुकट्या एकत्र आल्या आणि ठिणगी पडली तर भयंकर उष्णतेने पेटतात. लोखंडाचं काम संपलं की बादली आणि पाइप रिकामे करूनच अ‍ॅल्युमिनियम सुरू करतो.

नाराजी उरली आहे ती व्हॅक्युमच्या आवाजाची. कान झाकल्याशिवाय काम करता येत नाही, आणि त्याची मोटर तासन्‌तास चालवायला बनवलेली नाही, तापते. पुढचा बदल तोच असेल: व्हॅक्युम काढून इंडक्शन मोटरचा ब्लोअर आणि मोठ्या पृष्ठभागाचा फिल्टर. त्याची ओढ व्हॅक्युमपेक्षा कमी पण हवा जास्त वाहती असते, आणि या कामाला तेच लागतं. पाण्याची नळी तशीच जोडलेली ठेवणार आहे, म्हणजे आधीचा आणि नंतरचा फरक तिच्यावरच मोजता येईल.